नैनीताल : तळ्याकाठच्या जिल्ह्याची तीन आमंत्रणे

आपल्या देशात जवळजवळ प्रत्येक जिल्ह्याची एक गुळगुळीत कागदावरची माहितीपुस्तिका असते. तीत साधारणपणे तीन आमंत्रणे असतात : आमच्याकडे उद्योग काढा, आमच्याकडे राहायला या आणि आमच्याकडे फिरायला या. जिल्ह्यात एखादे मोठे तळे असले की मुखपृष्ठाचा प्रश्न सुटतो आणि तिन्ही आमंत्रणांखाली त्याच तळ्याचे छायाचित्र छापले जाते. त्या एका तळ्याला हे तिन्ही प्रकारचे पाहुणे एकाच वेळी पेलतील काय, हा प्रश्न मात्र पुस्तिकेत नसतो. तो पुढे नगरपालिकेच्या, बांधकाम खात्याच्या आणि अखेरीस न्यायालयाच्या फायलींत उगवतो. नैनीतालचा इतिहास हा या प्रश्नाचा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चाललेला प्रयोग आहे. दिल्ली, लखनौ, बरेलीकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी ते तळे पाहिले असेल. ते टिकले कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम भूगोल. नैनीतालचे तळे फार मोठे नाही. लांबी सुमारे दीड किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आत, सर्वाधिक खोली सुमारे २७ मीटर. समुद्रसपाटीपासून उंची १९०० मीटरहून थोडी अधिक. तिन्ही बाजूंना उंच कडे आहेत. उत्तरेस २६०० मीटरहून उंच असलेले नैना शिखर, पूर्वेस शेर-का-डांडा, पश्चिमेस अयारपाटा. कुमाऊनी बोलीत मल्ला म्हणजे वरचा आणि तल्ला म्हणजे खालचा. त्यावरून तळ्याच्या वरच्या टोकाच्या वस्तीस मल्लीताल व खालच्या टोकास तल्लीताल म्हणतात. तळ्याचे जादा पाणी तल्लीतालच्या दारांतून बलिया नाल्यात आणि तेथून पुढे गौला नदीत जाते. भोवतालचे डोंगर दिसायला भक्कम असले तरी त्यांतील शेल व स्लेटसारखा खडक ठिसूळ आहे आणि तळ्यातूनच एक भूभ्रंशरेषा गेलेली आहे. थोडक्यात, हे गाव एका वाडग्याच्या आतल्या उतारावर बसले आहे आणि त्या वाडग्याच्या कडा पक्क्या नाहीत.

स्थानिक लोकांना हे तळे अर्थातच ठाऊक होते. स्कंदपुराणाच्या मानसखंडात अत्री, पुलस्त्य व पुलह या तीन ऋषींच्या नावाने त्याचा त्रिऋषिसरोवर असा उल्लेख आहे. काठावर नैनादेवीचे स्थान होते. लोक यात्रेसाठी येत, गुरे चारण्यासाठी येत आणि परत जात. तेथे कायमची वस्ती त्यांनी केली नाही. १८१५ मध्ये गोरख्यांकडून कुमाऊँ इंग्रजांच्या हाती आले. त्यानंतर जॉर्ज विल्यम ट्रेल यांनी जवळजवळ दोन दशके या मुलखाचा कारभार पाहिला. त्यांनी हे तळे पाहिले होते, परंतु त्या स्थानाचे पावित्र्य बिघडू नये म्हणून ते आपल्या देशबांधवांपासून गुप्त ठेवले, असे सांगितले जाते. याच ट्रेल यांच्या काळात, १८३४ मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी हल्द्वानी येथे बाजारपेठ वसवण्यात आली. आपण ज्याला हेदू म्हणतो, त्या हळदू वृक्षांच्या वनावरून हे नाव पडले. डोंगरातील माणसे हिवाळ्यात खाली उतरत, आपला माल विकत आणि मीठ-कापड घेऊन वर जात. म्हणजे व्यापाराची जागा खाली भाबरात आणि देवाची जागा वर तळ्याकाठी, अशी विभागणी मुळात होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे प्रकरण ही विभागणी मोडण्याचे आहे.

ती मोडली एका साखरेच्या व्यापाऱ्याने. शाहजहाँपूरजवळील रोझा येथील पी. बॅरन हा इंग्रज व्यापारी भटकंती करीत १८४१ मध्ये येथे पोचला आणि भारावून गेला. त्याने ‘पिलग्रिम’ या टोपणनावाने वृत्तपत्रांत लेख लिहून या स्थळाची कीर्ती पसरवली. पुढे १८४४ मध्ये त्याचे प्रवासलेखन पुस्तकरूपाने आले. तळ्यावर हक्क सांगणाऱ्या स्थानिक नरसिंगाची गोष्ट त्यानेच सांगितलेली आहे. बॅरनने त्याला नावेतून तळ्याच्या मध्यभागी नेले आणि हक्क सोडतोस की पोहत परत जातोस, असा पेच घालून वहीवर सही घेतली. बॅरनने ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली आहे. महसुलाचे काम केलेल्या माणसाला ती विनोदी वाटणार नाही. हक्क सोडल्याचा तो लेख पोहता न येणाऱ्या माणसाकडून खोल पाण्यावर लिहून घेतलेला होता. नैनीतालच्या पहिल्या जाहिरातीच्या पाठीमागे असे हे हक्कसोडपत्र आहे.

पुढची वाढ वेगाने झाली. आयुक्त लशिंग्टन यांनी बंगल्यांसाठी जागा देण्याचे नियम ठरवले. १८४५ मध्ये नगरपालिका आली. १८५७ च्या उठावात मैदानी प्रदेशातील इंग्रज कुटुंबे आश्रयासाठी येथे आली आणि या खोलगट, दुर्गम जागेचे लष्करी मोल शासनाच्या ध्यानात आले. १८६२ पासून वायव्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे मुक्काम करू लागले. सरकार आले की घरे आली, शाळा आल्या, दुकाने आली. जिम कॉर्बेट यांचे वडील ख्रिस्तोफर येथे टपाल अधिकारी म्हणून आले आणि त्यांच्या आईने घरे भाड्याने देण्या-घेण्याचा व्यवसाय चांगलाच नावारूपास आणला. स्वतः कॉर्बेट पुढे नगरपालिकेत सदस्य होते. राहणे आणि व्यापार हे या गावात असे एकच होऊन गेले. तळ्याचे दृश्य हाच विकण्याचा माल होता.

या सुखाची किंमत पहिल्यांदा मोजली ती हमालांनी. साहेबांचे सामान, सरकारी दप्तर, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचे तंबू हे सारे डोंगर चढे ते कुली-बेगार व कुली-उतार या पद्धतींच्या जोरावर. गावोगावी पाळ्यांच्या वह्या ठेवलेल्या असत आणि ज्याचे नाव निघेल त्याने, शेतीचा हंगाम असो की घरी आजारपण असो, ओझे उचलायचे. काही कामांना नाममात्र मोबदला होता, काहींना तोही नव्हता. १४ जानेवारी १९२१ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात, बद्रीदत्त पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी या वह्या शरयू नदीत बुडवल्या आणि ही प्रथा मोडून काढली. थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास लिहिताना वाद्यवृंद आणि नौकाविहार यांचे वर्णन खूप होते. ओझ्याच्या पाळीच्या वहीचे कोणी क्वचितच करतो. ती वहीसुद्धा प्रशासनानेच ठेवलेली होती.

दुसरी किंमत डोंगराने वसूल केली. बंगल्यांसाठी झाडे तुटली, उतार कापले गेले, रस्त्यांसाठी पायथे खणले गेले. १८६० च्या दशकातच दरडी कोसळू लागल्या होत्या. सप्टेंबर १८८० मध्ये सुमारे दोन दिवस अखंड मुसळधार पाऊस पडला. १८ सप्टेंबरच्या सकाळी शेर-का-डांडाच्या उतारावरून एक लहान दरड व्हिक्टोरिया हॉटेलच्या एका भागावर आली. अडकलेल्यांना काढण्यासाठी अधिकारी, सैनिक व मजूर तेथे जमले. दुपारी दीडच्या सुमारास वरचा सगळा उतारच सुटला आणि काही क्षणांत हॉटेल, सार्वजनिक सभागृह, नैनादेवीचे देऊळ आणि मदतीस आलेली माणसे गाडली गेली. १५१ माणसे मेली. त्यांत १०८ भारतीय व ४३ युरोपीय होते. मल्लीतालला आज ज्या विस्तीर्ण मैदानावर क्रिकेटचे सामने होतात आणि संध्याकाळी कुटुंबे फिरतात, त्या ‘फ्लॅट्स’चा मोठा भाग त्या दिवशी आलेल्या दगडमातीचा आहे. देवळाची उभारणी नंतर तळ्याच्या काठी नव्या जागी झाली.

माझ्या मते नैनीतालचा खरा प्रशासकीय इतिहास या दुर्घटनेनंतर सुरू होतो. अशा प्रसंगी प्रशासनापुढे दोन मार्ग असतात : गाव सोडून द्यावे, किंवा शोकसभा घेऊन पुन्हा बांधायला लागावे. येथे तिसरा मार्ग निवडला गेला. अभियंत्यांनी व भूगर्भशास्त्रज्ञांनी उतार न् उतार तपासला आणि पावसाचे पाणी डोंगरात मुरून खडक सैल करण्यापूर्वी ते तळ्यात पोचवण्यासाठी दगडी नाल्यांचे जाळे उभारले. तळ्यात उतरणाऱ्या मोठ्या नाल्यांचीच संख्या साठांहून अधिक आहे. त्यांना जोडणाऱ्या लहान शाखा वेगळ्या. नाल्यांना क्रमांक दिले गेले. गाळ तळ्यात जाऊ नये म्हणून खड्डे ठेवले गेले, ते वेळच्या वेळी उपसले जाऊ लागले. डोंगरउतारांच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमली गेली आणि धोक्याच्या उतारांवर बांधकामास मनाई झाली. तल्लीतालच्या दारांतून कोणत्या महिन्यात पाणी किती राखावे आणि किती सोडावे याचे कोष्टक ठरले. या कामांना स्मारकाचे रूप नाही. कोणी त्यांचे उद्घाटन लक्षात ठेवलेले नाही. पण त्यानंतर तळ्याभोवतीच्या वस्तीवर १८८० एवढा अनर्थ ओढवला नाही, याचे मोठे श्रेय या दगडी नाल्यांना जाते.

डोंगराने सूचना देणे मात्र थांबवले नाही. १८९८ च्या ऑगस्टमध्ये तळ्याच्या खालच्या अंगास, बलिया नाल्याच्या दरीत, मोठी दरड कोसळली. बीरभट्टी येथील मद्याचा कारखाना उद्ध्वस्त झाला आणि २८ माणसे दगावली. शेर-का-डांडावरील लाटसाहेबांच्या निवासस्थानालाही तडे गेले आणि खुद्द सरकारला जागा बदलावी लागली. अयारपाट्याच्या बाजूस १८९७ ते १९०० या काळात नवे गव्हर्नमेंट हाऊस उभे राहिले, तेच आजचे राजभवन. त्याचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ज्यांनी रचले तेच हे स्थापत्यविशारद. मुंबईकर प्रवाशाला राजभवनाची दगडी कमान ओळखीची वाटली तर त्याचे कारण हे आहे.

१८९१ मध्ये कुमाऊँची पुनर्रचना होऊन नैनीताल हा स्वतंत्र जिल्हा झाला. तळ्याकाठचे गाव, पायथ्याचे भाबर आणि तराईचा सखल प्रदेश असे तीन निरनिराळे मुलूख त्यात आले. या जिल्ह्याचे शहाणपण पाहायचे असेल तर ते या विस्तारात आहे. प्रदीर्घ काळ आयुक्त असलेल्या हेन्री रॅमसे यांनी भाबरात कालवे काढून शेती वाढवली होती. १८८४ मध्ये हल्द्वानीपर्यंत रेल्वे आली आणि धान्य, लाकूड, फळे यांचा व्यापार तेथे स्थिरावला. दुसरे उदाहरण मुक्तेश्वरचे. पशुरोगांच्या संशोधनासाठी १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली शाही जीवाणू प्रयोगशाळा १८९३ मध्ये याच जिल्ह्यातील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. घातक रोगजंतू हाताळायचे तर वस्तीपासून दूर आणि थंड हवेची जागा हवी, हे कारण. तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. उद्योगाला किंवा संस्थेला काय हवे आणि जागेजवळ काय आहे, याचा मेळ पाहून केलेली ही निवड होती. मुक्तेश्वरचे आकर्षण त्याचा एकांत हे होते आणि त्या संस्थेने तो एकांत बिघडवला नाही.

स्वातंत्र्यानंतरही अशा निवडी झाल्या. उत्तर प्रदेशाची राज्य वेधशाळा १९५४ मध्ये वाराणसीत निघाली आणि १९५५ मध्ये नैनीतालला आली. मैदानातील धुळीपेक्षा येथले आकाश तिला सोयीचे होते. पुढे ती मनोरा शिखरावर गेली आणि २००४ मध्ये आर्यभट्टांच्या नावाने केंद्राची संस्था झाली. याच जिल्ह्यातील देवस्थळ येथे २०१६ मध्ये तिची ३.६ मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. १९६० मध्ये देशातील पहिले कृषी विद्यापीठ पंतनगरला, म्हणजे तेव्हाच्या नैनीताल जिल्ह्याच्या तराईत, निघाले. १९९५ मध्ये तराई वेगळी होऊन ऊधमसिंह नगर जिल्हा झाला आणि कारखानदारीचा बराच वाव तिकडे गेला. राणीबागचा एचएमटीचा घड्याळांचा कारखाना मात्र २०१६ मध्ये बंद झाला. घड्याळाच्या बाजाराचे गणितच बदलले होते. सुंदर परिसर त्याला वाचवू शकला नाही.

ज्या निवडीत जागेचा विचार झाला नाही ती निवड तळ्याच्या काठावर होत राहिली. सर्वांना दृश्य हवे होते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती आणि नैनीताल शहराची केवळ ४१ हजारांच्या आसपास. पण हंगामातील सुट्टीच्या दिवशी त्या वाडग्यात किती मोटारी शिरतात, हे तेथे तासन् तास अडकलेल्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक आहे. २००० मध्ये नवे राज्य झाले तेव्हा उच्च न्यायालयही जुन्या सचिवालयाच्या वास्तूत, म्हणजे याच वाडग्यात, आले. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते हल्द्वानीस नेण्यास तत्त्वतः मान्यता दिली. त्यावर वाद झाला, तो २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८६२ मध्ये शासन ज्या गावात मोठ्या उत्साहाने आले, तेथून बाहेर कसे पडावे, हा प्रश्न दीडशे वर्षांनी त्याच्यापुढे उभा राहिला आहे.

तळ्याच्या प्रकृतीचीही कथा अशीच आहे. अजयसिंह रावत यांच्या याचिकेवर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांडपाणी व घोड्यांची लीद तळ्यात जाऊ नये, माल रस्त्यावर अवजड वाहने नसावीत, बहुमजली बांधकामे थांबवावीत, असे सांगितले. या आदेशात नवे तत्त्व फारसे नव्हते. नगरपालिकेच्या उपविधींतच जे असायला हवे ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहावे लागले, ही त्यातली खेदाची बाब. प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात २००७ पासून यंत्राने हवा सोडावी लागत आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात पातळी इतकी खाली गेली की काठाचा गाळ उघडा पडला. शहराला पिण्याचे पाणी याच तळ्याच्या काठच्या विहिरींतून मिळते, त्यामुळे हे संकट केवळ नौकांचे नव्हते. २०१८ मध्ये खालच्या माल रस्त्याचा एक तुकडा खचून तळ्यात गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलिमीटर पाऊस झाला आणि चार वर्षांपूर्वी आटलेले तेच तळे रस्त्यांवरून वाहू लागले.

एकाच तळ्याला चार वर्षांत दुष्काळ आणि पूर दोन्ही का भोगावे लागले? पावसाची लहर हे एक उत्तर आहे, पण ते पुरेसे नाही. नैनीतालच्या वरच्या अंगास सूखाताल नावाचा एक खोलगट भाग आहे. पावसाळ्यात तेथे पाणी साठते, जमिनीत मुरते आणि महिनोन् महिने खालच्या तळ्याला झिरपत राहते. वर्षातले बरेच महिने कोरडा असल्याने तो रिकामी जागा समजला गेला. तेथे राडारोडा पडला, बांधकामे झाली, वाहने उभी राहू लागली. २०२२ मध्ये तेथील सुशोभीकरणाचे काम उच्च न्यायालयाला थांबवावे लागले. सातबाराच्या परिभाषेत बोलायचे तर सूखाताल ही पडीक जमीन दिसते, प्रत्यक्षात ती नैनीतालच्या पाण्याची तिजोरी आहे. नकाशावर जे रिकामे दिसते ते निरुपयोगी असते, हा समज भूमिव्यवस्थापनात फार महागात पडतो.

या साऱ्यातून तळ्याकाठच्या कोणत्याही जिल्ह्याच्या कारभाऱ्याने काय घ्यावे? भोपाळ असो, उदयपूर असो, श्रीनगर असो, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच आहेत. पर्यटकांना आणि उद्योगांना बोलावू नये, असे मी म्हणणार नाही. हल्द्वानीच्या बाजारपेठेवर, मुक्तेश्वरच्या बागांवर, भीमताल व सातताल परिसरातल्या लहान निवासांवर हजारो कुटुंबे जगतात आणि डोंगरातून तरुणांनी मैदानात निघून जाणे ही तेथली जुनी जखम आहे. पण आमंत्रण जिल्ह्याला द्यावे, तळ्याला नव्हे. व्यापाराला पायथा आहे, संशोधनाला शिखरे आहेत, राहण्याला गावे आहेत. तळ्याच्या वाट्याला फक्त पाहणे यावे आणि तेही मोजून. कोणत्या कामाला कोणती जागा, हे एकदा ठरवून त्यावर ठाम राहणे हे काम लोकप्रिय नाही, कारण त्यात दहा अर्जांपैकी नऊ अर्जांना ‘नाही’ लिहावे लागते. नैनीतालमध्ये ज्या ज्या काळात हे ‘नाही’ लिहिणारे कोणी होते, त्या त्या काळात गाव सुरक्षित राहिले.

दुसरी गोष्ट डागडुजीची. नवे बांधण्यासाठी निधी मिळतो, समारंभ होतो, कोनशिला बसते. जुना नाला साफ करण्यासाठी यांतले काहीच होत नाही. तरीही नैनीतालच्या उतारावर पावसाळ्यापूर्वी खड्ड्यांतला गाळ उपसणारा सफाई कामगार, दारांची पातळी रोज वहीत टिपणारा कर्मचारी आणि नाल्यावर बांधलेली खोली पाडण्याची नोटीस बजावणारा कनिष्ठ अभियंता हीच त्या जिल्ह्याची खरी गुंतवणूक आहे. त्यांची पदे रिक्त राहिली तर मुखपृष्ठावरचे छायाचित्र किती वर्षे खरे राहील, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञाची गरज नाही.

पुढच्या खेपेस आपण नैनीतालला गेलात तर नावेत जरूर बसावे. त्यानंतर थोडा वेळ काढून मल्लीतालच्या चढावर एखाद्या दगडी नाल्याच्या कडेने चालत जावे. त्यात कचरा आहे की वाहते पाणी, हे पाहावे. जिल्ह्याची माहितीपुस्तिका जे सांगत नाही ते त्या नाल्यात स्वच्छ वाचता येते.